१९६८ ची फियाट डिलाइट घ्यावी का? बघायला जाताना काय तपासू, किती बोलू?

सांजवारा, पुणे
नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

जुनी फियाट घ्यायची आहे. पद्मिनी नको, तिच्या आधीची डिलाइट. सध्या दोन गाड्या समोर आहेत.

पहिली वाईजवळच्या एका गावात, १९६८ ची. पहिल्यापासून एकाच घरात, आजोबांच्या नावावर. आजोबा २०१३ मध्ये गेले, तेव्हापासून गाडी वाड्यामागच्या शेडमध्ये उभी. नातू विकतोय. "बॅटरी लावली की सुरू होईल" असं म्हणतो. नंबर जुना, तीन अक्षरांचा. मागणी पावणेतीन लाख.

दुसरी मुंबईत, १९७० ची म्हणतात. लालचुटूक रंग, क्रोम चकाचक, सीटा नव्या. सुरू करून व्हिडिओही पाठवला. मागणी सव्वाचार. आणखी दोन गिऱ्हाइकं आहेत, शनिवारपर्यंत सांगा म्हणाले.

गाडी, दुरुस्ती, कागद सगळं धरून माझं बजेट साडेचार. रोज वापरायची नाही. रविवारी सकाळी मिसळ, दिवाळीत गाव, बास. मला गाडीतलं कळतं ते टायरला लाथ मारून "ठीक आहे" म्हणण्याइतकंच. बायको म्हणते लाल घे, निदान शेजाऱ्यांना दाखवता तरी येईल.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नटबोल्ट, नाशिक
"दोन गिऱ्हाइकं आहेत, शनिवारपर्यंत सांगा" हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय. ती दोन गिऱ्हाइकं अजून कोणी पाहिलेली नाहीत.

रिंगपिस्टन, ठाणे
धागाकर्ते, दोन्ही गाड्या बघा, पण इसार (आगाऊ रक्कम) देऊ नका. खिशात पैसे घेऊनच जाऊ नका. समोर गाडी उभी असली की हात आपोआप खिशात जातो. स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय. माझ्याकडे डिलाइट आहे आणि त्याआधी एक डुक्कर होती. (नव्या मंडळींसाठी: डुक्कर फियाट म्हणजे पन्नाशीच्या दशकातली गोल नाकाची ११००. पुढची दारं उलटी उघडायची, त्यामुळे साडीतल्या बायकांना उतरायला फार सोयीची.)

इंजिनाकडे सगळ्यात शेवटी बघा. लोक आधी बोनेट उघडतात आणि तिथेच फसतात. १०८९ सीसीचं ते इंजिन, ६८ मिमी बोअर आणि ७५ मिमी स्ट्रोक. चार दशकं देशभर गल्लोगल्ली उघडलं गेलंय. ते दुरुस्त करणारा म्हातारा मिस्त्री अजून प्रत्येक तालुक्यात एक तरी सापडतो. पत्र्याचं तसं नाही.

फियाटला अँबॅसिडरच्या काळातल्या जीपसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच चेसिस. दारांखाली जी लांब पोकळ पेटी असते, तिला सिल म्हणतात. ती आणि खालचा पत्रा मिळून गाडी उभी असते. सिल सडली म्हणजे घराची तुळई सडली, वरून डिस्टेंपर कितीही मारा.

तपासायचं असं. फ्रिजवरचं एक चपटं चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या. सिल, चाकांवरच्या कमानी, दारांचा खालचा चार बोटं भाग, डिकीतली स्टेपनीची जागा, हेडलाइटच्या मागचा खोबणीतला पत्रा, एवढ्यावरून फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरली आहे. थोडी लांबी सगळ्याच जुन्या गाड्यांत असते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. वीतभर पट्ट्यात चुंबक घसरत गेलं तर मात्र त्याखाली पत्राच नाही असं धरा.

मग पायाखालचं मॅट उचला. खाली ताजा काळा डांबरी थर दिसला तर लगेच खूश होऊ नका. साठ वर्षांच्या गाडीच्या पोटाला परवाच डांबर का फासलं, हा प्रश्न विचारा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत चला. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भदभद. मागचे पाटे जिथे बॉडीला अडकवलेत ती टोकं आणि पुढच्या सस्पेन्शनची बॉडीवरची बैठक, या दोन जागी वेल्डिंगचे थर दिसले तर किती आणि कोणी केले ते विचारा.

आणखी एक युक्ती, माझ्या टिंकरने (पत्राकाम करणाऱ्याने) शिकवलेली. बाजूला जॅक लावून एक चाक जमिनीपासून सुटेल इतकी गाडी उचला आणि दारं उघडून लावून बघा. आधी सहज लागणारं दार आता अडायला लागलं तर गाडी मधून वाकतेय. त्या गाडीची किंमत तिच्या काचांएवढी आणि क्रोमएवढी. विकणारा जॅक लावू देत नसेल तर उत्तर मिळालं असं समजून चहा पिऊन निघा.

नटबोल्ट
+१. "चहा पिऊन निघा" हा सल्ला फ्रेम करून लावावा.

गिरगावचा_गोट्या, सध्या बोरिवली
मुंबईतल्या लाल गाडीबद्दल एक शंका. ती टॅक्सी नव्हती ना, एवढं बघाच. मुंबईत पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला झाली. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस ती रस्त्यावरून उतरली. त्याआधीच्या काही वर्षांत हजारो काळ्यापिवळ्या बाद झाल्या. काही भंगारात गेल्या, काही रंगवून "कलेक्टर पीस" झाल्या. त्यातल्या कुणाला डिलाइटची जाळी आणि पट्ट्या लावल्या की वय आपोआप वाढतं.

ओळखायचं सोपं आहे. पूर्वी मीटर बाहेर, डाव्या बाजूला पुढे बसवलेला असायचा. त्या जागेचा पत्रा आतून बघा, बुजवलेली भोकं सापडतात. दारांच्या चौकटीवरचं रबर थोडं सोलून बघा आणि छताच्या कडेला नख लावा. खाली पिवळा निघाला की समजा. डिकीत सिलिंडरचा पाळणा बसवल्याच्या खुणा असतील तर गॅसवर पळालेली आहे.

आमच्या बाबांची टॅक्सी होती, म्हणून पिवळ्या रंगाबद्दल माझी काही तक्रार नाही. टॅक्सी म्हणून विकली तर मीच घेईन. डिलाइट म्हणून विकू नये.

सांजवारा
बाप रे. हे सगळं डोक्यातही नव्हतं. पण डिलाइट आणि पद्मिनी यांत फरक तरी काय? बघायला सारख्याच वाटतात.

रिंगपिस्टन
कारण आहेतच सारख्या. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये ११०० ची डिलाइट आणली. सत्तरच्या सुरुवातीला तिचंच नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. नाव चितोडच्या राणीवरून. हीच पद्मिनी थोड्याफार बदलांनी शतकाच्या शेवटापर्यंत निघत राहिली. त्यामुळे जाळी, दिवे, पट्ट्या एकमेकींना बसतात आणि बाहेरून वय सांगणं अवघड. वय कागद आणि नंबर सांगतात. बोनेटखाली बॉडीवर ठोकलेला चेसिस नंबर आणि इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मोबाइलवर फोटो काढा आणि आरसीशी एकेक आकडा लावून बघा. नंबराची पट्टी नव्या रिव्हेटने बसवलेली असेल किंवा आकडे एका ओळीत नसतील तर सावध.

अवांतर: ही कंपनी काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. तेव्हा फियाट परदेशी म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

कागदकाम, सातारा
अखेर माझा विषय आला. वाईच्या गाडीत पत्र्यापेक्षा मोठी अडचण मला कागदांची दिसते. मालक २०१३ मध्ये गेले. नातू "विकतोय" म्हणजे काय? गाडी त्याची आहे का?

मालक वारल्यावर गाडी आधी वारसाच्या नावावर होते, त्याला फॉर्म ३१. बाकीच्या वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र लागतं. आत्या असतील तर आत्यांचंही. त्यानंतर तुमच्या नावावर करायला २९ आणि ३०. मयताच्या सहीचे कोरे २९-३० "आजोबांनी आधीच करून ठेवलेत" असं कोणी म्हणालं तर हात जोडा. असे कागद मी दर महिन्याला बघतो.

मग नोंदणी चालू आहे का ते बघा. खासगी गाडीची पहिली पंधरा वर्षं संपली की दर पाच वर्षांनी फिटनेस करून नूतनीकरण, फॉर्म २५. बारा वर्षं शेडमध्ये असलेल्या गाडीचं हे नक्की राहिलंय. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या कारला नूतनीकरणाची फी १०,००० रुपये आहे. राज्याचा पर्यावरण कर वेगळा, विलंब शुल्क वेगळं. आकडा आरटीओत काढून घ्या आणि तो किमतीतून वजा करा. शिवाय इतका जुना नंबर ऑनलाइन दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद संगणकात चढवणं) करून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरसी पुस्तक हवं, झेरॉक्सवर भागत नाही.

सगळं होईपर्यंत गाडी स्वतः चालवत पुण्याला आणू नका. नोंदणी नाही, विमा नाही. सपाट टोइंगवर चढवून आणा.

मिसळप्रेमी_नव्हे, सांगली
पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते ना? मग हा सगळा ताप कशाला?

कागदकाम
मिळते. जुलै २०२१ चा केंद्राचा नियम आहे. नव्याने नोंदवायला २०,००० रुपये, पुढच्या वेळी ५,०००, मुदत दहा वर्षं. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. धागाकर्त्यांना रविवारी मिसळ खायची आहे आणि नियमात मिसळ नाही. म्हणून त्यांच्यासाठी साधी नोंदणीच बरी.

"व्हिंटेज" या शब्दावर कोणी जास्त पैसे मागितले तर विचारा, कुठली व्हिंटेज? आपल्या मोटार नियमांत पन्नास वर्षं. विम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये ३१ डिसेंबर १९४० च्या आधीची. फिवा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लेखी तीस वर्षांपुढची गाडी ऐतिहासिक, आणि व्हिंटेज म्हणजे फक्त १९१९ ते १९३० ची. ६८ ची डिलाइट पहिल्या व्याख्येत बसते, बाकी दोन्हींत ती व्हिंटेज नाही.

सांजवारा
आज लाल गाडी बघून आलो. चुंबक आणि गोट्यादादांची यादी, दोन्ही सोबत होतं.

डावी सिल: चुंबक एकदा धरलं, मग दारापासून मागच्या चाकापर्यंत नुसतं घसरत गेलं. मॅटखाली ताजं डांबर. जॅकचं विचारलं तर "रंग खराब होईल" म्हणाले. मीटरच्या जागी आतून तीन वेल्डचे ठिपके. मागच्या दाराचं रबर सोललं, तर काळा. वर छताच्या कडेला नख लावलं, तर पिवळा, अगदी हळदीसारखा.

मी काहीच बोललो नाही. आरसी मागितली, तर ती "एजंटकडे आहे". चहा पिऊन निघालो. संध्याकाळी फोन आला, साडेतीनला द्यायला तयार आहेत. बायकोला पिवळ्या रंगाचा फोटो दाखवला. ती म्हणाली, मग लाल कशाला केली, काळीपिवळीच छान दिसली असती.

गिरगावचा_गोट्या
वहिनींना माझा नमस्कार सांगा.

पॉइंट_कंडेन्सर, कोल्हापूर
वाईला जाताय तर इंजिनाबद्दल दोन शब्द. बारा वर्षं उभी गाडी "बॅटरी लावली की सुरू होईल" म्हणणाऱ्याला बॅटरी लावू देऊ नका! सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा पातळ पापुद्रा असतो, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. कोरड्यात सेल्फ मारला की रिंग तुटते, भिंतीवर ओरखडे पडतात, आणि मग चांगलं इंजिन बोअरिंगला (सिलिंडर आतून घासून मोठे करायला) जातं.

चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे ऑइल सोडा, तासभर थांबा. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. सावकाश फिरलं तर निम्मी काळजी गेली. अडलं तर जोर लावू नका, इंजिन जाम आहे असं धरून किंमत बोला. फिरलं तर नवी बॅटरी लावून, प्लग बाहेरच ठेवून सेल्फने फिरवा, ऑइल प्रेशर येतंय का बघा, आणि कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र) लावा. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. एखादा दहाव्या हिश्शाहून जास्त मागे असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर मधून हेड गॅस्केट फुटलंय.

या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. घाटात पाणी उकळू दिलं की हेड वाकतं. वाईची गाडी म्हणजे पसरणी आणि खंबाटकी चढलेली असणारच. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट चिकट थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय. बोअरिंग आधी किती वेळा झालंय हेही विचारा. शेवटच्या ओव्हरसाइजला पोचलेल्या ब्लॉकला स्लीव्ह (आतून नवी नळी) टाकावी लागते, आणि ते काम नीट करणारा दिवसेंदिवस दुर्मीळ होत चाललाय.

टाकीतलं पेट्रोल केव्हाच डिंक झालेलं असेल. त्या टाकीवर इंजिन चालवू नका, बाहेरून बाटली लावा. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बदलायचाच, आताचं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुनं रबर खातं. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि इतकी वर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडर जाम असणार, ते खर्चात धराच.

बोललो दोन शब्द म्हणून, झाले बरेच.

हिशेबनीस, मुलुंड
किंमत ठरवायची पद्धत सांगतो. बहुतेक लोक मागणीवरून घासाघीस करतात: पावणेतीन म्हणाला, अडीचला आणू. मागणी हा विकणाऱ्याने बांधलेला खुंटा आहे, तुम्ही त्याभोवती फिरता.

उलटं मोजा. हीच गाडी पूर्ण नीट झाली, कागद स्वच्छ झाले, तर आज कितीला जाईल? आपल्याकडे जुन्या गाड्यांचा छापील दरतक्ता नाही. जाहिरातीतले आकडे नुसत्या मागण्या असतात, प्रत्यक्ष ज्यांनी विकली-घेतली त्यांना फोन करा. त्यातून तुमच्या गाडीचं प्रत्येक काम वजा करा, तोंडी अंदाजाने नाही, टिंकरला जागेवर नेऊन. मग त्या कामांच्या बेरजेचा पाचवा हिस्सा "उघडल्यावर निघालं" म्हणून आणखी वजा करा. उरेल ते तुमचं वरचं टोक. सुरुवात त्याखालून.

थेम्सकाठ, लंडन
इकडे हॅगर्टी नावाची कंपनी जुन्या गाड्यांना एक ते चार अशा प्रती देते. एक म्हणजे प्रदर्शनात बक्षीस घेणारी, चार म्हणजे चालते पण दोष दिसतात. माझा अनुभव असा की विकणारा आपली गाडी हमखास एक प्रत वर सांगतो आणि घेणारा प्रेमात पडला की आणखी अर्धी प्रत तो स्वतःच चढवतो. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला इथे वार्षिक तपासणीची सक्ती २०१८ पासून नाही. म्हणून तर बघायला जाताना लोक स्वतंत्र तपासनीस पैसे देऊन नेतात. तुम्हीही मिस्त्रीला दिवसाची मजुरी देऊन न्या. फुकट आलेला मिस्त्री कधीकधी दोन्हीकडून कमिशन घेतो.

मिसळप्रेमी_नव्हे
एवढा हिशोब करायचा तर मुदत ठेव करा की! हौसेला मोल नसतं.

हिशेबनीस
हौसेला मोल नसतं, मान्य. टिंकरच्या बिलाला असतं. माझ्या शेजाऱ्याची हौस चार वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे, अर्धी सोललेली. पैसे इंजिनातच संपले, पत्र्यापर्यंत पोचलेच नाहीत.

सांजवारा
वाईहून आलो. जरा सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत.

रिंगपिस्टनकाकांच्या ओळखीचे एक टिंकर आणि माझ्या गल्लीतले मिस्त्री, दोघांना दिवसाची मजुरी देऊन घेऊन गेलो. शेडचं दार उघडायलाच वीस मिनिटं. कोंबड्या बोनेटवर. गाडीचा मूळ रंग फिका निळसर करडा, छतावर अजून मूळ रंग आहे असं टिंकरचं मत. पाठीमागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार, छताचं कापड लोंबतंय, डाव्या बाजूचं वायरिंग कुरतडलेलं.

चुंबक जवळजवळ सगळीकडे धरलं. धरलं नाही तिथे झाकायलाच काही नव्हतं, सरळ भोकं. शेडचं छप्पर डाव्या बाजूला गळतं, त्यामुळे डावी सिल आणि डाव्या पायाखालचा पत्रा खलास, बॅटरीच्या खालची तबकडी गेलेली. उजवी सिल पुढच्या टोकाला थोडी. टिंकर पाठीवर झोपून अर्धा तास खाली होता. बाहेर आला आणि म्हणाला, "सडलीय, पण खोटी नाय." जॅक उजव्या बाजूला लावला, दारं लागली. डावीकडे लावू दिला नाही, आमच्याच टिंकरने, कारण जॅक आत गेला असता.

इंजिन: प्लग काढले, ऑइल सोडलं, जेवायला बसलो (पिठलं, भाकरी, ठेचा, त्यांनीच आग्रह केला). नंतर पाना लावला तर फिरलं. मिस्त्रींनी बॅटरी आणली होती. तीन सिलिंडर जवळपास सारखे, चौथा मागे. ऑइल टाकल्यावर चढला. रिंग चिकटली असावी, चालवल्यावर सुटेलही, असं ते म्हणाले. बाटलीवर सुरू करायचा आग्रह नातवाने केला, आम्ही नाही म्हणालो.

डिकीत मूळ पान्यांची पिशवी. आजींनी आतून एक पत्र्याची पेटी आणली, तिच्यात आरसी पुस्तक आणि सर्व्हिसच्या पावत्या दोऱ्यात ओवलेल्या. आजींनी एकच विचारलं: "रंग तोच ठेवणार ना?"

आता अडचण. चेसिस नंबराचा एक आकडा जुळत नाही. बॉडीवर ८ आहे, पुस्तकात ३. ठोकलेले आकडे सरळ ओळीत आहेत, खाडाखोड नाही. नोंदणी २०१४ मध्ये संपली. आजींशिवाय वारस चार: मुलगा (विकणाऱ्याचे वडील), दोन आत्या, एक काका बडोद्याला.

कागदकाम
८ चा ३ हा हाताने लिहिलेल्या पुस्तकांत नेहमीचा प्रकार. जुन्या पावत्यांत किंवा जुन्या विम्यात ८ सापडला तर फार सोपं जाईल. आरटीओत निरीक्षक गाडी बघून, नंबराचा पेन्सिल-ठसा घेऊन दुरुस्ती करतात. पण हे काम विकणाऱ्यानं, तुमचे पैसे जाण्याआधी करायचं. काकांनाही विचारा, बडोद्याहून सही यायला वेळ लागतो.

सांजवारा
१९८१ च्या एका पावतीवर ८ सापडला!!

आता हिशेबनीस पद्धतीने: ठाणे-पुण्यातल्या तिघांशी बोललो, ज्यांनी दोन वर्षांत डिलाइट प्रत्यक्ष विकली किंवा घेतली. नीट केलेली, कागद स्वच्छ असलेली साडेचारच्या आसपास. माझे खर्च, टिंकर-मिस्त्रींनी जागेवर सांगितलेले: पत्राकाम ६५,०००. रंग ८०,०००. ब्रेक १८,०००. टायर-ट्यूब २२,०००. कार्ब्युरेटर, टाकी, पंप, पाइप १२,०००. वायरिंग १५,०००. सीटा आणि छत २८,०००. टोइंग आणि किरकोळ १०,०००. बेरीज अडीच लाख. पाचवा हिस्सा पन्नास हजार. उरले दीड. मागणी पावणेतीन.

दीड म्हणायची लाज वाटतेय. ठेचा फार चांगला होता.

रिंगपिस्टन
लाज वाटू देऊ नका, कागद दाखवा. हीच यादी त्यांच्यासमोर ठेवा. गाडीला नावं ठेवू नका, खर्च वाचून दाखवा. आणि त्यात एक गोष्ट तुम्ही धरलेली नाही, तीही सांगतो, नाहीतर मी खोटा ठरेन: पहिल्यापासून एकच घर, मूळ रंग, पावत्या, पान्यांची पिशवी. याचे वीस-पंचवीस हजार मी स्वतः जास्त देईन. गाडी नीट करता येते, दोऱ्यात ओवलेल्या पावत्या नव्याने करता येत नाहीत.

हिशेबनीस
सहमत. माझ्या पद्धतीत हा रकाना नव्हता, घालतो.

सांजवारा
झालं. १ लाख ७५ हजार. फोनवर पावणेतीनवरून सव्वादोनला ते स्वतःच आले होते, यादी वाचून दाखवल्यावर वडिलांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "दीड नको, दोन नको, मधलं बोला." (मधलं म्हणजे पावणेदोन, हे मीच आधी बोललो.)

इसार दहा हजार दिला, लेखी पावतीवर. पावतीत लिहिलंय: वारसनोंद, चेसिस नंबराची दुरुस्ती आणि बॅकलॉग एंट्री त्यांच्या खर्चाने, तीन महिन्यांत न झाल्यास इसार परत. नूतनीकरण आणि कर माझ्याकडे. आजींची आणि दोन्ही आत्यांच्या सह्या झाल्या. बडोद्याच्या काकांची राहिली आहे, त्यांना म्हणे गाडी विकायची कल्पनाच नव्हती आणि ते दोन दिवस रुसले होते. आता एकदा चालवायला द्यायची या अटीवर तयार आहेत.

गाडी अजून शेडमध्येच आहे, पण डावीकडच्या गळक्या जागी ताडपत्री मी बांधून आलो. आजींना रंग तोच ठेवीन म्हणून सांगितलंय, तेव्हा लाल रंगाचा विषय घरात संपला.

एक विचारायचं राहिलं. ५.२०-१४ मापाचे जुन्या पद्धतीचे टायर पुण्यात कोणाकडे मिळतील? नाना पेठेत तीन दुकानांत विचारलं, तिघांनीही रेडियल (आताच्या गाड्यांचे टायर) टाका म्हणून सांगितलं.

पॉइंट_कंडेन्सर
रेडियल आत्ता टाकू नका, आधी किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) आणि स्टेअरिंग बॉक्सचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघून घ्या. कोल्हापुरात एकाकडे दोन होते, उद्या विचारून सांगतो.